जातीवरचे, धर्मावरचे, रंगावरचे विनोद कधी चालतात का?

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमची ९८ ची दहावीची बॅच. मागच्या महिन्यात मानेवाड्याला एका मित्राच्या गच्चीवर जमलो. सावजी मटण, ज्वारीच्या भाकरी, चौदा जण. दोन बाटल्या झाल्यावर एकानं आरक्षणावरचा तो डॉक्टर आणि ऑपरेशनवाला विनोद सांगितला. (विनोद इथं लिहीत नाही. सगळ्यांनी ऐकलेला आहे.) सगळे हसले. मीही हसलो.

आमच्यातला एक मित्र उत्तर नागपूरचा. शाळेत त्याला स्कॉलरशिप होती, म्हणून आम्ही त्याला 'जावई' म्हणायचो. सरकारचा जावई, त्यातला जावई. पंचवीस वर्षं तो त्या नावाला ओ देतोय. 'ए जावई, रस्सा सरकव बे' असं त्याच संध्याकाळी कोणीतरी म्हटलंही होतं, आणि त्यानं सरकवला होता.

विनोद झाल्यावर त्यानं अर्धी उरलेली भाकर ताटातल्या रश्श्यावर झाकणासारखी ठेवली. उठला. गच्चीवरच्या नळावर बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, 'जातो बे, पोट्टीची ट्यूशन आहे.' रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन दिवसांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला. एक शब्द नाही.

आता ग्रुपवर दोन तट. एक म्हणतो, इतकी वर्षं हसत होता, आत्ताच काय झालं? दुसरा म्हणतो, आपण चुकलो. मला खरंच कळत नाहीये. असे विनोद मुळातच करू नयेत, की मित्रामित्रांत चालतात?

---

तर्री_जास्त

पहिला! पॉपकॉर्न नाही, चिवडा घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

---

दोन_टोले

विनोद सांगितल्याशिवाय कसं ठरवायचं चांगला की वाईट? पंचनामा करायचा आणि प्रेत दाखवायचं नाही, हे काय?

---

दक्षिणायन

हल्ली सगळ्यांचीच कातडी पातळ झाली आहे. मला मित्र शाळेपासून 'भट' म्हणतात, शेंडीवरून, दक्षिणेवरून, वरण-भातावरून काय काय बोलतात. माझ्या लग्नात तर 'भटजी कमी पडले तर नवरदेवालाच बसवा' म्हणून ओरडत होते. मी हसतो. मैत्री म्हणजे तरी दुसरं काय? जो मित्र तुम्हाला शिवी देऊ शकत नाही, तो ओळखीचा माणूस असतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

सहमत दक्षिणायन. एकमेकांची उडवायची नाही तर जगायचं कशाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आख्खं नागपूर उडवतेच नं!

---

इंदोऱ्याची_पोट्टी

दक्षिणायन, एकच प्रश्न. 'भट' म्हणून कोणी तुम्हाला भाड्यानं घर नाकारलं आहे का?

---

दक्षिणायन

नाही. पण नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून तोंड वाकडं केलेलं पाहिलं आहे. एकदा नाही, दोनदा. असो. तो धागा वेगळा.

---

पेठेतला_पाहुणा

पुणेकर आहे, तरी येतो. आमच्या ऑफिसात एक नागपूरचा आहे. 'जेवून राहिलो', 'येऊन राहिलो' म्हणाला की आख्खा मजला हसतो. तोही हसतो. आमच्यात कसलीही जात-बीत नाही. दिवे घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

थो हसत नसन. थो दात दाखवून राहिला असन. मी चार वर्षं होतो पुण्यात. मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात घासूनपुसून घ्यायचो. तोवर मुद्दा दुसराच कोणीतरी मांडून मोकळा व्हायचा.

(माझ्याच वरच्या प्रतिसादाला हा छेद जातो हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. राहू द्या.)

---

मेसवाल्या काकू

मी लिहीत नाही सहसा, पण हे लिहिते. बजाज नगरात मेस चालवते, सोळा वर्षं झाली. ईशान्येकडची मुलं दरवर्षी तीन-चार असतात. २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊन लागायच्या आठवडाभर आधी, एक मणिपूरचा मुलगा डबा घ्यायला आला. बाकीची पोरं रांगेत होती. एकजण म्हणाला, 'काकू, याला वेगळा डबा द्या, कोरोना आला.' सगळे हसले. तोही हसला. मला वाटलं, चला, खेळीमेळीचं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याचा डबा घासायला आला तेव्हा झाकणावर काळ्या मार्करनं इंग्रजीत लिहिलं होतं: त्याचं नाव, खाली मणिपूर, खाली भारत. तार घेऊन घासलं तरी निघेना. मी मग घासलंच नाही. तो शिकून गेला. डबा आहे माझ्याकडे, त्यात आता गूळ ठेवते.

त्या दिवशी मी पण हसले होते की नाही, आठवत नाही. हसलेच असेन.

---

तर्री_जास्त

काकू _/\_

---

शिकवणारा_प्राणी

काकूंच्या प्रतिसादाला जोडून. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल सुरू झाली. त्यावरून भांडण, मग मारहाण, आणि त्यात तो गेला. त्यानंतर सरकारनं ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात 'गंमत केली' इतक्याच गोष्टीनं झाली होती. प्रत्येक गंमत तिथपर्यंत जाते असं मी म्हणत नाही.

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं पुस्तकी. थॉमस फोर्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं या विषयावर बरंच काम आहे. त्याचं म्हणणं साधारण असं की असा विनोद ऐकून कोणी नव्यानं द्वेष करायला लागत नाही. पण ज्याच्या पोटात तो आधीच आहे, त्याला वाटतं, चला, इथं चालतं. म्हणजे विनोद विष कालवत नाही, ते कुठं ओतलं तर चालेल तेवढं दाखवतो. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागचा बाक नेमका हसत असतो.

---

दोन_टोले

चला, आता विनोदाचा तास सुरू झाला. हजेरी घ्या सर.

मी तो विनोद उदाहरणादाखल टाकतो, म्हणजे चर्चा मुद्द्यावर येईल:

*[प्रतिसादाचा उर्वरित भाग अप्रकाशित केला आहे. – संपादक मंडळ]*

---

दोन_टोले

वा रे अभिव्यक्ती स्वातंत्र्य!

---

कोर्टाची_पायरी

स्वातंत्र्य आहेच, म्हणून तर फक्त प्रतिसाद गेला.

वकिली करतो, दोन गोष्टी सांगतो. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी आणा अशी याचिका २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की लोकांनी कसं वागावं-बोलावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. म्हणजे सरसकट विनोदाला कायदा हात लावत नाही.

मात्र १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं, जातीवाचक शिवी देणं हा गुन्हा आहे. 'मी गंमत केली' म्हटल्यानं तो आपोआप पुसला जात नाही. आता 'लोकांच्या नजरेसमोर' म्हणजे काय, यावर ढीगभर निकाल आहेत. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना घडलेली गोष्ट त्यात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं.

---

तर्री_जास्त

गच्चीला भिंती किती, वकीलसाहेब?

---

कोर्टाची_पायरी

कठडा असतो. शेजारच्या गच्चीवर कोणी वाळवण गोळा करत होतं का, त्यावर अवलंबून. फी वेगळी पडेल.

---

जरीपटका_होलसेल

मी सिंधी. जन्म नागपूरचा, शाळा मराठी, बायको वर्ध्याची. आजोबा ४७ साली सिंधमधून एक ट्रंक घेऊन आले.

साप आणि सिंध्यावरची ती म्हण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी ती दुकानात स्वतःच सांगतो. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की म्हणतो, 'भाऊ, दोघांत आधी कोणाला मारायचं ते ठरवा, मग भाव करू.' गिऱ्हाईक हसतं, घासाघीस निम्म्यावर येते. तीस वर्षं हा धंद्याचा माल आहे आपला. म्हणून मी म्हणायचो, विनोद चालतो.

मागच्या दिवाळीत मुलगी दुकानात बसली होती. अकरा वर्षांची. घरी जाताना स्कूटरवर मागून विचारलं, 'पप्पा, ते लोक म्हणायच्या आधी तुम्हीच का म्हणता?'

मी तिला म्हटलं, पुढं सिग्नल आहे, बोलू नको.

---

पेठेतला_पाहुणा

हे वाचून थांबलो. आमच्या त्या मजल्यावरच्या माणसाला उद्या विचारतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

नका विचारू बाप्पा. थो 'काही नाही हो सर' म्हणन. फक्त हसू नका म्हणजे झालं.

---

क्रिकेटवेडा_महाल

रच्याकने (बाय द वे), वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीचं आठवलं. २०२० मध्ये त्यानं सांगितलं की आयपीएलच्या संघात त्याला आणि थिसारा परेराला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटायचं शब्दाचा अर्थ दांडगा घोडा असा काहीतरी आहे, म्हणून तोही खूश. खरा अर्थ कळल्यावर भडकला. नंतर त्यातल्या एकाशी बोलला आणि म्हणाला की त्याच्या मनात प्रेमच होतं, माझा त्याच्यावर विश्वास आहे.

मला यातलं दोन्ही पटतं. प्रेमानंच म्हणत असणार. आपल्याकडे प्रत्येक घरात एक काळू किंवा काळी असतेच. माझ्या मोठ्या बहिणीला अजून तेच म्हणतात आणि तिच्या लग्नाच्या वेळी मात्र फोटोतला रंग उजळून घेतला होता. प्रेम होतंच.

---

इंदोऱ्याची_पोट्टी

सकाळपासून लिहू की नको करत होते. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

'इतकी वर्षं हसत होता' याचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी पण हसत होते. ज्युनिअर कॉलेजात माझ्या टोळीत मी सगळ्यात आधी हसायचे. त्यात एक सोय असते. तुम्ही आधी आणि मोठ्यानं हसलात की कोणी तुमच्याकडं वळून बघत नाही. उशीर झाला की सगळे बघतात. म्हणजे विनोद कळायच्या आत हसायचं, हे शिकावं लागतं. मला ते इतकं जमायला लागलं होतं की सर्दी झाली तरी हसू येत होतं.

आणि कृपा करून आम्हाला विनोदाचं वावडं आहे असं समजू नका. आमच्या घरात जे बोललं जातं ते ऐकलंत तर गार पडाल. माझी आजी लहानपणी धंतोलीत एका घरी कामाला जायची. मागच्या दारानं. ती निघाली की मालकीणबाई तिची वाट धुवायच्या, गोमूत्र शिंपडायच्या. आजी सांगायची, 'माह्या पायगुणानं तिचं अंगण रोज धुतल्या जाये. मी चार दिवस ताप काढला तं थे आंगण उकिरड्यावानी झालं. शेवटी निरोप आला, बाई कधी येतं?' आणि मग आजी अशी हसायची की तिचा पदर तोंडात जायचा.

हा विनोद जातीवरचाच आहे. मला तो फार आवडतो. पण तो त्या मालकीणबाईंच्या नातवानं गच्चीवर सांगितला, तर शब्द तेच राहतील आणि मी उठून हात धुवायला जाईन.

ठेचाभाऊंनी मारबतीचं नाव काढलं म्हणून. काळी मारबत १८८१ पासून निघते. ती इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईची आहे असंच लहानपणापासून ऐकलं. मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुतळे, कोणाचे असतात? महागाईचा, भ्रष्टाचाराचा, मंत्र्यांचा. चौकात नाव घेऊन शिव्या. मी दरवर्षी इतवारीत बघायला जाते. पण शेजारच्या गल्लीतल्या धुणीभांडीवालीचा बडगा कधी निघालेला पाहिला आहे का?

---

वऱ्हाडी_ठेचा

नाही पाहिला. मान्य.

---

शिकवणारा_प्राणी

शंका: मारबत काळीच वाईट का, हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारला होता. मी म्हटलं पिवळी पण असते आणि तीही जाळतात. ते काही समाधान झालं नाही त्यांचं. माझंही.

---

दक्षिणायन

पोट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजी जबरदस्त. पण एक गोष्ट मला अजून खटकते आणि ती बोलतो. खालून वर मारलेला विनोद चालतो, वरून खाली मारलेला नाही, हा नियम कागदावर ठीक. प्रत्यक्षात वर-खाली कोण मोजणार? सत्यशोधक जलशांत भटाची जी टिंगल झाली ती त्या काळी योग्य ठिकाणी होती, हे मी स्वतः मानतो. पण आज माझा धाकटा भाऊ जेवणाची पार्सलं पोचवतो, पावसात, रात्री बारापर्यंत. त्याला परवा एका बंगल्यावर म्हणाले, 'काय पंडित, दक्षिणा हवी का?' तो वर होता का खाली?

दुसरं. आता कोणी काहीच बोलत नाही. सगळे सौजन्यानं वागतात आणि विनोद दुसऱ्या ग्रुपवर जातात. ज्याच्यावर तो असतो त्याला सोडून बाकीच्या सगळ्यांना तो मिळतो. ते बरं का?

---

इंदोऱ्याची_पोट्टी

भावाला म्हणाले ते वाईटच. त्यात मला मोजमाप लागत नाही. बंगल्याच्या फाटकाशी पार्सल घेऊन उभा असलेला माणूस वर नसतो.

दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. ते खरं आहे.

---

दोन_टोले

चला, शेवटी कोणाकडे तरी कशाचं तरी उत्तर नाही. आता झोपतो.

रच्याकने, माझा प्रतिसाद उडवल्यावर बायकोला तोच विनोद सांगितला. ती डॉक्टर आहे. मेडिकलला होती. ती म्हणाली, तिच्या बॅचमध्ये पैसे भरून प्रवेश घेतलेला एक होता, रात्रीच्या ड्यूटीला त्याच्या हातात सुई दिली की सगळे पळायचे, त्याच्यावर विनोद का नाही? मी म्हटलं, तो विनोद कोणी बनवला नाही. ती म्हणाली, मग बनव की, तुला वेळ आहे. संपादक मंडळानं नोंद घ्यावी.

---

मेसवाल्या काकू

तुझ्या बायकोला नमस्कार सांग.

---

बर्डीवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवस इथं आलो नाही, कारण एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. दक्षिणायन यांचा दुसरा ग्रुपवाला मुद्दा वाचून लिहायची हिंमत होईना.

तो बाहेर पडल्यावर तिसऱ्या दिवशी नवीन ग्रुप निघाला. 'जुने यार'. तेरा जण. तो सोडून सगळे. मला त्यात न विचारता घेतलं. तिथं पहिलाच मेसेज होता, 'आता मोकळं बोला बे'. मी अंगठा टाकला होता.

काल त्याला भेटलो. फोन उचलत नव्हता, म्हणून बँक सुटायच्या वेळेला बाहेर उभा राहिलो. त्यानं पाहिलं, हेल्मेट घातलं, मग काढलं. कडबी चौकात एका टपरीवर चहा घेतला. मी माफीचं वाक्य पाठ करून गेलो होतो. दोन शब्द बोललो असेन, त्यानं थांबवलं.

म्हणाला, 'थो जोक मी कॉलेजपासून ऐकून राहिलो. मले जोकचं काही नाही. तू हसायच्या आधी माझ्याकडं पाहिलं.'

मी म्हटलं, कधी?

'जोक झाला. सगळे हसले. तू थांबला, माझ्याकडं पाहिलं, मी हसून राहिलो का थे पाहिलं, मी हसलो, मग तू हसला. म्हणजे तुले माहीत होतं नं बे.'

यावर मला काही सुचलं नाही. मग तो मुलीच्या बारावीबद्दल बोलला. ट्यूशन खरंच आहे तिला, पण सकाळी सहाला. चहाचे पैसे त्यानं दिले, मला देऊ दिले नाहीत. 'चाल, निघतो' म्हणाला, 'येऊ कधी' म्हणाला नाही. मी त्याला जाताना नावानं हाक मारली. त्याचं खरं नाव मी मोठ्यानं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं असेल. त्याला ते ऐकू गेलं नाही बहुतेक, गाडी सुरू झाली होती.

---

जरीपटका_होलसेल

वाचलं.

---

तर्री_जास्त

कडबी चौकातली कोणती टपरी? पुलाखालची असेल तर चहा बेकार आहे, त्याच्यासाठी आधी माफी मागायला हवी होती. (हलकेच घ्या. सुचलं ते लिहिलं.)

---

बर्डीवाला

पुलाखालचीच.

---

इंदोऱ्याची_पोट्टी

दादा, त्या 'जुने यार'मध्ये तुम्ही अजून आहात का?

---

बर्डीवाला

आहे. बघतो.

---

मेसवाल्या काकू

बघतो म्हणजे काय बघतो? शनिवारी मेसवर ये, तर्री-पोहे आहेत. बटण सापडत नसेल तर तुझ्या मोबाईलवर मी दाबून देते.